जुन्या सागवानी मयाली (जाड आडव्या तुळया) माळ्याला चालतील का? त्या तपासायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात आजोबांच्या वेळचं कवेलूचं (कौलारू) घर उतरवलं. त्यातून सहा सागवानी मयाली निघाल्या, पाच बाय सात इंच, लांबी चौदा फूट. नव्या घरात त्यांवर माळा टाकायचा आहे. इंजिनिअर म्हणतात, लॅबचा रिपोर्ट आणा. वाढई (सुतार) म्हणतो, "साग आहे भाऊ, सत्तर वर्षं उभा होता, अजून सत्तर राहील." ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. मी तीस वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये यूटीएमवर, म्हणजे दाबून-ताणून ताकद मोजायच्या यंत्रावर, लाकूड, काँक्रीट, सळ्या मोडत आलो. त्यावरून एकच गोष्ट सांगतो: लॅबमध्ये जो तुकडा मोडतो तो सागाच्या जातीबद्दल बोलतो, तुमच्या मयालीबद्दल नाही. मयालीबद्दल फक्त मयालच बोलते, आणि तिला न मोडता बोलतं करता येतं. ते तुमच्या अंगणातच होईल.

आधी लॅबमध्ये काय होतं ते बघा, म्हणजे रिपोर्ट हातात आला की वाचता येईल. आपल्याकडं आयएस १७०८ या मानकाप्रमाणं बिनगाठीचा, सरळ रेषांचा (रेषा म्हणजे लाकडाचे लांबीतले धागे), स्वच्छ तुकडा घेतात. वाकवण्याच्या चाचणीला ५० बाय ५० मिमीचा, ७५० मिमी लांब. तेवढं लाकूड नसेल तर २० बाय २० चा, ३०० मिमी लांब. मोठा तुकडा ७०० मिमीच्या गाळ्यावर, म्हणजे तेवढ्या अंतरावरच्या दोन टेकूंवर, ठेवायचा आणि मध्यावर मिनिटाला अडीच मिमी या संथ चालीनं दाबत जायचं. सुरुवातीला काहीच घडत नाही, आलेखावर रेष सरळ चढते. मग वरच्या अंगाला, जिथं दाब असतो तिथं, बारीक सुरकुती उमटते. नवख्या पोराला ती दिसत नाही, मी बोट ठेवून दाखवायचो. त्यानंतर करकर आवाज येतो आणि खालचा भाग लांब लांब काड्या होऊन फाटतो. निरोगी साग असाच मोडतो. एखादा तुकडा गाजरासारखा 'टक्' करून आडवा तुटला तर समजायचं की आत कुजकेपणा आहे किंवा लाकूड मुळातच ठिसूळ आहे. आकडा किती आला यापेक्षा ती मोड कशी दिसते हे मी आधी पाहायचो.

याखेरीज रेषांच्या दिशेनं दाब, आडवा दाब, कातर आणि कठीणपणा याही चाचण्या असतात. कठीणपणाच्या चाचणीत ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी निम्मी लाकडात घुसवतात. हा विचित्र आकडा का? कारण त्या गोळीची छाया बरोबर एक चौरस सेंटिमीटर पडते, मग हिशोब सोपा होतो. तुमच्या माळ्यासाठी मात्र या चाचणीची गरज नाही. लाकडी फरशीच्या पाट्या असत्या तर गोष्ट वेगळी.

आता खरी गंमत. कोरड्या चांगल्या सागाचा स्वच्छ तुकडा साधारण ८० ते १०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणाला मोडतो. पण घरबांधणीचं मानक, आयएस ८८३, घराच्या आतल्या सागाला वाकवण्यात साधारण १४ च न्यूटन वापरू देतं. म्हणजे सहावा-सातवा हिस्सा. बाकीचं गेलं कुठं? काही गाठींना आणि तिरक्या रेषांना दिलं. काही झाडाझाडांतल्या फरकाला. मोठा वाटा काळाला, कारण लॅबमध्ये पाच-दहा मिनिटांत मोडणारं लाकूड तेवढंच वजन वर्षानुवर्षं पेलू शकत नाही, पुष्कळ कमी वजनालाही हळूहळू मोडतं. उरलेलं सुरक्षेला. म्हणून रिपोर्टमधला ९० चा आकडा घेऊन कोणी माळ्याचा हिशोब केला असेल तर त्याला तिथंच थांबवा.

नमुना कुठून घेतला हेही विचारा. माझ्याकडून एकदा चूक झाली होती. एका कामासाठी विक्रेत्यानंच तुकडे कापून आणले, अगदी निवडक, सुकलेले, गाठ नावाला नाही. मी प्रामाणिकपणे चाचणी केली, आकडे झकास आले, सही केली. त्या कामावर प्रत्यक्षात आलेलं लाकूड ओलं होतं आणि गाठींनी भरलेलं. पावसाळा संपेपर्यंत व्हरांड्याच्या तुळयांना डोळ्यांना दिसेल एवढा झोल आला, म्हणजे त्या मध्यावर खाली वाकल्या. माझ्या रिपोर्टमधला एकही आकडा खोटा नव्हता. त्यानंतर मी रिपोर्टवर 'नमुना पार्टीनं आणून दिला' असं लाल शाईत लिहायला लागलो. जुन्या मयालीचे टोकाकडचे तुकडे पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा. ते टोक मातीच्या भिंतीत होतं, ते मधल्या भागाचं प्रतिनिधित्व करत नाही.

तर मग अंगणातलं काम. पहिला दिवस फक्त डोळ्यांचा आणि टोच्याचा.

मयाली ब्रशनं धुऊन काढा. धुराची काजळी काढल्याशिवाय काही दिसत नाही (चुलीच्या धुरानं लाकूड टिकतं म्हणतात, कीड लांब राहते हे खरं, ताकद वाढत नाही). भिंतीत शिरलेली दोन्ही टोकं आधी बघा. नव्वद टक्के रोग तिथंच असतो. टोचा दाबा: निरोगी लाकडात तो जेमतेम रुततो आणि काढताना लांब कुसळ उचलतो, कुजक्या लाकडात खपकन शिरतो आणि भुगा निघतो. मग लांबीभर हातोडीनं ठोकत जा. भरीव आवाज एकदम पोकळ झाला की तिथं खडूनं गोल करा आणि ३ मिमीचं ड्रिल घाला. उधळी (वाळवी) बाहेरून कागदासारखी साल शाबूत ठेवून गाभा खाते. ड्रिल मध्येच हलकं होऊन पुढं पळालं तर आत काही नाही. तुमची लांबी चौदा फूट आहे. दोन्हीकडून एक-एक फूट कापून टाकलं तरी बारा फूट उरतात, त्यामुळं टोकं सडकी निघाली म्हणून हळहळू नका.

त्यानंतर रेषांचा तिरकसपणा. लाकूड रेषांच्या दिशेनं दमदार आणि आडवं कमजोर, त्यामुळं रेषा तिरक्या गेल्या की ताकद भराभर उतरते. जुन्या मयालीत हे पाहणं फार सोपं आहे, कारण सुकताना पडलेल्या भेगा रेषांबरोबरच धावतात. भेग १५ इंच लांबीत एक इंचाहून जास्त सरकत नसेल तर तुळईला काही कपात नाही. १० इंचांत एक इंच सरकत असेल तर मानक तिची ताकद २० टक्के कमी धरायला सांगतं. त्याहून तिरकी असेल तर तिला तुळई म्हणून वापरूच नका. जुन्या मयाली बहुधा वाकसानं (तासायच्या हत्यारानं) तासलेल्या असतात आणि जुना सुतार लाकूड जसं फाटतं त्या कलानं तासायचा, म्हणून रेषा सरळ सापडतात. आरामशीनवर चिरलेल्या नव्या लाकडात हे सुख नाही, करवतीला रेषा दिसत नाहीत.

गाठींबद्दल एक साधी युक्ती. मयाल वाकते तेव्हा खालचा भाग ताणला जातो आणि वरचा दाबला जातो. गाठ ताणात घात करते, दाबात बरीच निभावून जाते. म्हणून मोठी गाठ मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आणि खालच्या कडेला आली असेल तर मयाल उलटी करा, गाठ वर न्या. खर्च शून्य. हाच नियम जुन्या खाचांना आणि खिळ्यांच्या भोकांना. फक्त मयालीला मुळात थोडा बाक असेल तर बाकाचा फुगवटा वर राहील असं बघा. दोन्ही गोष्टी जमत नसतील तर गाठीचं ऐका.

दुसरा दिवस वजनाचा. यासाठी लागतं: दोन पक्के टेकू, एक फळी, साखळ्या, पोलादी पट्टी, मासे धरायचा नायलॉनचा दोरा, छोटा आरसा आणि सिमेंटच्या आठ पिशव्या. पिशव्या फुटलेल्या नकोत, प्रत्येकी ५० किलोच्या हव्यात.

टेकू बारा फुटांवर, म्हणजे ३६०० मिमीवर ठेवा. मयाल घरात जशी उभी बसणार तशीच ठेवा, सात इंच उंच. मध्यावरून साखळीनं फळीचा झुला टांगा. पिशव्या मयालीच्या पाठीवर रचू नका, वजन पसरतं आणि हिशोब बिघडतो. झुल्याच्या खाली दोन इंचांवर ओंडके ठेवा, मयाल गेलीच तर पिशव्या तिथंच बसतील. आणि खाली कोणाचा पाय नको, पोरंटोरं तर अजिबातच नकोत.

झोल जमिनीपासून मोजू नका. वजन आलं की टेकू मातीत बसतात आणि तुम्ही मातीचाच झोल मोजता. मयालीच्या बाजूच्या अंगाला, निम्म्या उंचीवर, दोन्ही टेकूंच्या बरोबर वर एक-एक खिळा ठोका. एका खिळ्याला दोरा बांधा, दुसऱ्यावरून टाकून त्याला वीट लटकवा म्हणजे तो सतत ताणलेला राहील. मध्यावर मयालीला पोलादी पट्टी आणि तिच्यामागं आरसा चिकटवा. डोळा असा धरा की दोरा आणि आरशातला दोरा एकावर एक दिसतील, तेव्हाच आकडा लिहा. रिकामा झुला टांगून पहिली नोंद घ्या, तेच तुमचं शून्य. मयालीचं स्वतःचं वजन आपोआप वजा होतं.

आता दोन-दोन पिशव्या चढवा आणि प्रत्येक वेळी नोंद करा. १००, २००, ३००, ४०० किलो. चार बिंदू कागदावर मांडले की सरळ रेष यायला हवी. मग उतरवा. दोरा पुन्हा शून्यावर आला पाहिजे. आला नाही, मिमीभर खालीच राहिला, तर मयालीच्या पोटात काहीतरी सरकलंय. ती बाजूला काढा, मग आकडा कितीही चांगला असो.

हिशोब असा. वजन न्यूटनमध्ये घ्या, ४०० किलो म्हणजे ३९२४ न्यूटन. त्याला गाळ्याच्या घनानं गुणा. भागायचं चार गुणिले रुंदी गुणिले उंचीचा घन गुणिले झोल या गुणाकारानं. सगळी मापं मिमीत. जे येतं तो मयालीचा ताठपणा, ज्याला इंजिनिअर 'ई' म्हणतात. तुमची मयाल मी १२५ बाय १७५ मिमी धरतो. ४०० किलोला झोल ६.८ मिमी आला तर ई सुमारे १०,००० येतो. आयएस ८८३ मध्ये सागाचा ई ९,९७० च्या आसपास आहे, म्हणजे ही मयाल पुस्तकातल्या सागासारखी निघाली. झोल साडेनऊ मिमी आला तर ई उतरतो ७,२०० वर. मानकात ९,८०० ते १२,६०० ई असलेली लाकडं 'ब' गटात येतात आणि ५,६०० ते ९,८०० 'क' गटात, म्हणजे नाव सागाचं असूनही अशा मयालीला मी 'क' गटाच्या पंगतीत बसवीन.

या वजनानं मयालीवर ताण येतो चौरस मिमीला फक्त साडेपाच न्यूटन, १४ च्या निम्म्याहून कमी. त्यामुळं निरोगी मयालीला चाचणीनं इजा होत नाही.

एक सावधगिरी. उंचीचा घन होतो, त्यामुळं उंची मोजण्यात तीन टक्के चूक म्हणजे उत्तरात नऊ टक्के. वाकसानं तासलेली मयाल सगळीकडं सारखी नसते. मधल्या भागात पाच ठिकाणी मापं घेऊन सरासरी काढा. चौकोनी मयाल नसून गोल बल्ली असती तर व्यासाचा चौथा घात आला असता, तिथं चूक आणखी फुगते. दोऱ्यानं अर्धा मिमी इकडंतिकडं होणारच. त्यामुळं मी या चाचणीच्या आकड्यावर दहा टक्के विश्वास कमी ठेवतो. डायल गेज (झोल बारीक मोजणारं काट्याचं माप) उसना मिळाला तर उत्तम.

ताठपणावरून ताकद कशी कळते? पूर्ण नाही कळत. पण दोघांचं नातं जवळचं आहे: ताठ मयाल बहुधा दमदार असते, लेचीपेची बहुधा कमजोर. म्हणूनच पहिल्या दिवसाची डोळ्यांची तपासणी सोडता येत नाही. खालच्या कडेची एक वाईट गाठ सगळ्या मयालीचा ताठपणा फारसा बदलत नाही, पण मोड मात्र तिथूनच सुरू होते.

आता माळ्याकडं. मयाली चार-चार फुटांवर, म्हणजे १.२ मीटरवर टाकल्या, राहत्या खोलीचं चौरस मीटरला २०० किलो वजन धरलं आणि फळ्यांचं व मयालीचं मिळून ७५ किलो, तर चांगल्या मयालीवर ताण चौरस मिमीला साधारण सव्वाआठ न्यूटन येतो. चौदाच्या पुष्कळ आत. पण झोल येतो १३ मिमी. मानकाची साधारण मर्यादा गाळ्याचा २४० वा भाग, तुमच्या गाळ्याला १५ मिमी, म्हणजे पास. खाली जिप्समचं छत किंवा असं ठिसूळ काही लावायचं असेल तर मर्यादा ३६० वा भाग, म्हणजे १० मिमी, तिथं नापास. ७,२०० वाली मयाल त्याच जागी १८ मिमी वाकेल आणि दोन्हीकडं नापास होईल, मोडणार नाही तरीही. घराच्या लाकडी कामात बहुतेक वेळा ताकद आधी संपत नाही, ताठपणा आधी संपतो. हे इंजिनिअरांनाही कॉलेजात नीट शिकवलं जात नाही असं माझं मत आहे. उपाय म्हणजे जाड मयाल शोधत बसायचं नाही, अंतर अडीच फुटांवर आणायचं. चांगल्या मयालीचा झोल मग आठ मिमीवर येतो.

पण तुमच्या भागाकडं बघून विचारतो: माळ्यावर माणसं झोपणार की धान ठेवणार? दिवाळीनंतर पोती माळ्यावर चढतात हे मला ठाऊक आहे. मीटरभर उंच रचलेला धान चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या पुढं जातो. त्या वजनाला चार फुटांवरच्या मयालीत ताण १९ न्यूटनपर्यंत जाईल, आणि हे वजन काही घटकाभराचं नाही, पाच-सहा महिन्यांचं आहे. मानक वाऱ्यासारख्या क्षणिक भाराला सव्वापट-दीडपटीच्या मधली सूट देतं, सततच्या भाराला अजिबात नाही. धान ठेवायचा तर मयाली दोन फुटांवर टाका किंवा मध्ये खांब द्या. किंवा सरळ खाली कोठीतच ठेवा.

ओलाव्याची गोष्ट राहिली. सत्तर वर्षं छपराखाली असलेलं लाकूड सुकलेलंच असतं, पण घर उतरवून मयाली जर मृगात उघड्यावर पडल्या असतील तर थांबा. ओलावा एक टक्का वाढला की वाकवण्याची ताकद साधारण चार टक्के आणि ताठपणा दोन टक्के उतरतो, हे पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत चालतं. पुस्तकातले कोरड्या लाकडाचे आकडे १२ टक्क्यांवर बसवलेले असतात. दोन सुयांचं ओलाव्याचं मीटर आजकाल स्वस्त मिळतं. नसेल तर छोटा तुकडा तोलून १०३ अंशांच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा, घटलेलं वजन भागिले कोरडं वजन. लॅबच्या रिपोर्टमध्ये ओलावा आणि घनता लिहिलेली नसेल तर तो रिपोर्ट परत करा. चाचणी आपल्याकडं मे महिन्यात केलीत तर लाकूड इतकं कोरडं असतं की आकडे थोडे फुगून येतात. कार्तिकात करा.

तुमच्या वाढयानं ऐन आणि बाभूळही सुचवली आहे असं लिहिलंत. ऐन वजनदार आणि दमदार आहे, ताकदीत सागापुढं कमी पडत नाही, पण सुकताना फाटतो, पिळतो आणि खिळा घेत नाही. बाभळीला भुंगा लागतो. साग मोठा आहे तो ताकदीमुळं नाही. तो जागचा हलत नाही आणि त्याला कीड सहसा शिवत नाही, म्हणून मोठा आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं सागाला १०० धरून बाकी लाकडं तोलली, त्यात काही गुणांत पुष्कळ जाती शंभराच्या वर गेल्या. आणि हो, 'आताचा लागवडीचा साग म्हणजे भेंडच' हेही सरसकट खरं नाही. साग भराभर वाढला म्हणून हलका होतोच असं नाही. त्यात पक्का गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त असतं, ते कीड खाते. खरी अडचण तिथं आहे.

तुमच्या इंजिनिअरला लॅबच्या रिपोर्टऐवजी सहा मयालींची सहा कागदं द्या: माप, ओलावा, भेगेचा तिरकसपणा, गाठींची जागा, चार वजनांना चार झोल, परतीचं शून्य. समजूतदार असेल तर याहून जास्त मागणार नाही. सरकारी बांधकाम असतं तर मात्र लॅबला पर्याय नव्हता. प्रत्येक मयालीच्या टोकावर रंगानं नंबर आणि 'वर' असा बाण काढा, नाहीतर चढवताना गाठ पुन्हा खाली येते, मी पाहिलंय. सहापैकी एक-दोन मयाली कमी भरतील असा माझा अंदाज आहे. त्या दारावर, खिडकीवर आडव्या टाका, तिथं गाळा चार फुटांचा असतो आणि ७,२०० चा ई तिथं राजासारखा चालतो. मयाली दुसऱ्या गावी न्यायच्या असतील तर गाडी भरण्याआधी वनरक्षकाकडून वाहतुकीच्या कागदाचं विचारून घ्या.